अढी

(मल्लखांब हा महाराष्ट्रातील एक जुना व्यायामप्रकार आहे. मल्लखांबावर पहिली पकड जमली म्हणजे शिकणे संपत नाही. त्यापुढचा टप्पा कसा गाठायचा आणि तो गाठताना काय सांभाळायचे, हे लेखकाने स्वतःच्या अनुभवाच्या आधारे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, 'अढी' हा शब्द तुम्ही ऐकला आहे का? आंब्याच्या दिवसांत लोक कच्चे आंबे आणतात. गवताचा एक थर, त्यावर आंबे, पुन्हा गवत, असे रचून ते पिकायला ठेवतात. त्याला आंब्यांची अढी म्हणतात. दोन मित्रांचे भांडण झाले आणि एकाने राग मनातच धरून ठेवला, तर त्याच्या मनात अढी बसली असे म्हणतात. तिसरी अढी पायांची. पायात पाय अडकवून घट्ट तिढा घालतात, तीही अढीच. आंब्यांची अढी मला फार आवडते आणि मनातली अढी कुणालाच आवडत नाही. पण आज मी तुम्हांला तिसऱ्या अढीविषयी सांगणार आहे. मल्लखांबावर जो कोणी उलटा लटकतो, तो या अढीच्या जोरावर लटकतो.

मल्ल म्हणजे कुस्ती खेळणारा, पैलवान. खांब हा शब्द तुम्हांला ठाऊकच आहे. कुस्तीगिराने सराव करावा म्हणून जमिनीत पुरलेला खांब, तो मल्लखांब. हा खांब सागाचा किंवा शिसवाचा असतो. जमिनीपासून त्याची उंची अडीच मीटरांहून थोडी अधिक असते. खाली तो जाड आणि वर निमुळता होत जातो. वरच्या टोकाला बारीक मान आणि मानेवर लाकडाचा एक गोळा असतो. त्या गोळ्याला बोंड म्हणतात. हाच खांब आखूड करून साखळीने टांगला, की टांगता मल्लखांब होतो. तो फिरतो आणि हेलकावेही खातो, म्हणून तो अधिक अवघड. तिसरा प्रकार दोरीचा. पूर्वी दोरीऐवजी वेत वापरत असत. दोरीवर चढताना पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी धरावी लागते.

मी सोलापूरचा. तुमच्यासारखाच उर्दू शाळेत शिकत होतो. आमच्या घरामागे एक तालीम होती. 'तालीम' हा शब्द मी शाळेत रोज ऐकत होतो, पण तिथे त्याचा अर्थ शिक्षण असा होता. मराठीत तालीम म्हणजे व्यायाम करण्याची जागा. म्हणून पहिल्या दिवशी मला वाटले, की इथे बाके असतील, फळा असेल. आत गेलो तर तांबडी माती आणि तीन खांब! तिथल्या गुरुजींना सगळे 'वस्ताद' म्हणत. तो आपला 'उस्ताद'च. कसरत, पैलवान, बगल असे ओळखीचे शब्दही कानांवर पडले. मला मोठा धीर आला. मराठी मला फारशी येत नव्हती, पण या तालमीतली अर्धी मराठी मला आधीच येते, असे मला वाटले. तो माझा गैरसमज होता. तो कसा दूर झाला, ते पुढे येईलच.

पहिले पंधरा दिवस वस्तादांनी मला खांबावर चढूच दिले नाही. धावणे, सूर्यनमस्कार, जोर, बैठका. मग खांबाजवळ उभे राहून त्याला नुसती मिठी मारायची. मिठी मारून पाय उचलायचे आणि मांड्यांनी खांब दाबून धरायचा. पाय जमिनीपासून वीतभरच वर. वस्ताद एकपासून तीसपर्यंत आकडे मोजत. मी मराठी आकडे याच वेळी शिकलो. अकरा, बारा, तेरा यांच्यापुढे मी नेहमी घसरत असे, त्यामुळे पुढचे आकडे शिकायला मला बराच वेळ लागला!

तुम्ही मल्लखांब शिकायला गेलात, तर तुम्हांलाही इथूनच सुरुवात करावी लागेल. जाण्यापूर्वी पोट भरून जेवू नका. नखे कापा. अंगठी, गळ्यातला ताईत, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. खांबाला एरंडेल तेल चोळलेले असते. तेल लावले तर माणूस घसरणार नाही का, असे तुम्ही विचाराल. मीही विचारले होते. एरंडेल हे दाट तेल आहे. ते थोडे लावून चोळले, की लाकूड मऊ राहते आणि अंग खरचटत नाही. कोरड्या लाकडावर नवख्या मुलाची कातडी सोलून निघते. तेल जास्त झाले, तर मात्र पकड सुटते. किती तेल लावायचे, हे शिकवणाऱ्यालाच ठरवू द्या. एवढी काळजी घेऊनही मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पावलांवर लाल चट्टे उठतातच. दोन-तीन आठवड्यांत कातडीला सवय होते. चट्टे उठले तर घाबरू नका. पण सांधा दुखत असेल, तर ते लपवू नका.

खांब खाली जाड का असतो, हे नीट समजून घ्या. तुम्ही अढी घालून लटकत आहात आणि पकड थोडी सैल झाली, असे समजा. तुम्ही खाली घसरू लागता. पण जसजसे खाली याल, तसतसे पायांत येणारे लाकूड जाड होत जाते आणि पाय त्यावर आवळले जातात. म्हणजे खांब स्वतःच थोडी मदत करतो. आज जगातल्या अनेक शहरांत मुलेमुली पोलादी खांबावर कसरती करतात. स्पर्धेतला तो खांब साडेचार सेंटीमीटर जाडीचा आणि वरपासून खालपर्यंत सारखाच असतो. तो अशी मदत करत नाही. तिथे तेल चालत नाही. उलट खांब पुन्हापुन्हा पुसून कोरडा करतात. चीनमधल्या सर्कशीत आणखी वेगळी रीत आहे. तिथे खांबावर रबर चढवलेले असते आणि खेळाडू अंगभर कपडे व पायांत बूट घालून चढतात. साधने वेगळी, पण खांबावर माणूस टिकतो तो सगळीकडे एकाच गोष्टीमुळे. खांब आणि शरीर यांच्यामधल्या घर्षणामुळे. विज्ञानाच्या पुस्तकात घर्षण हा पाठ तुम्ही वाचाल, तेव्हा मल्लखांब आठवा.

आता अढी. खांबासमोर उभे राहा. दोन्ही हातांनी खांब छातीशी घट्ट धरा. मग पाय उचलून वर न्या. डोके खाली, पाय वर. मांड्यांनी खांब कवटाळा आणि एका पायात दुसरा पाय अडकवून तिढा घाला. तिढा पक्का झाल्यावर, आणि शिकवणारा 'सोड' म्हणाल्यावरच, हात सोडा. वाचायला हे सोपे वाटते. पण पहिल्यांदा डोके खाली गेले, की जग उलटे होते, रक्त तोंडाकडे येते आणि उजवे-डावे कळेनासे होते. म्हणून शेजारी आधार देणारा माणूस हवाच. तो तुमच्या खांद्याजवळ एक हात आणि पाठीजवळ दुसरा हात तयार ठेवतो. एकट्याने अढीचा सराव कधीही करायचा नाही.

मला उजव्या पायाची अढी महिनाभरात जमली. हात सोडून मी तीस आकड्यांपर्यंत लटकत असे. मग मला वाटू लागले, की आता मी मल्लखांबपटू झालो. शिकणाऱ्याला सगळ्यांत मोठा धोका असतो, तो याच वेळी. अगदी नवखा मुलगा भीतीमुळे सावध असतो. मुरलेला खेळाडू अनुभवामुळे सावध असतो. मधल्या मुलाजवळ भीती उरलेली नसते आणि अनुभव आलेला नसतो.

एका बाजूची अढी आली, की दुसऱ्या बाजूची शिकायची असते. तिचा मला मनापासून कंटाळा होता. उजव्या पायाने जे झटकन होते, तेच डाव्या पायाने मुळाक्षरांपासून गिरवायचे! पण वस्ताद ऐकत नसत. दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय ते पुढचे काही दाखवत नसत. यामागे कारण आहे. पुढच्या कसरतींत माणूस खांबाभोवती वळतो. वळला, की उजव्या बाजूचे काम डाव्या बाजूकडे जाते. ती बाजू कच्ची असेल, तर पकड तिथेच सुटते.

एका संध्याकाळी मला आधार देणारा दादा पाणी प्यायला गेला. मी त्याची वाट पाहिली नाही. खांब धरला, पाय वर घेतले आणि डाव्या पायाची अढी घातली. तिढा सैल होता. केवळ हातांच्या जोरावर मी टिकून होतो. वस्ताद दुसऱ्या खांबापाशी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते ओरडले, "हात सोडू नको!"

आता तुम्ही उर्दूत विचार करून पाहा. आपण म्हणतो, 'हाथ मत छोड़ना.' आपल्या बोलीत नकार आधी येतो आणि क्रियापद नंतर. मराठीत तो शेवटी येतो. मला 'हात सोडू' एवढे ऐकू आले. रोज 'सोड' ऐकून हात सोडायची मला सवय झाली होती. 'नको' कानांवर पडेपर्यंत माझे हात सुटले होते.

मी डाव्या हातावर पडलो. माती मऊ होती, तरी मनगटाचे हाड मोडले. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. अम्मी रोज रडायची. अब्बा काही बोलत नसत, पण तालमीचे नाव काढले, की उठून बाहेर जात.

प्लास्टर निघाल्यावर एके दिवशी वस्ताद आमच्या घरी आले. अब्बांनी त्यांना खुर्ची दिली. वस्ताद म्हणाले, "साहेब, पोराची चूक झाली, पण त्याहून मोठी चूक माझी आहे. ज्याला ज्या भाषेत पटकन कळतं, त्या भाषेत मी बोलायला हवं होतं." अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "तो पुन्हा पडणार नाही, असं तुम्ही लिहून द्याल का?" वस्ताद म्हणाले, "नाही. पण पडायचं कसं, ते मी त्याला आधी शिकवीन." मला वाटले, आता अब्बा नाही म्हणतील. ते म्हणाले, "मग मीही येऊन बसेन." आणि पुढचे चार महिने ते दुकान बंद करून रोज तालमीच्या ओट्यावर येऊन बसत होते.

त्या दिवसापासून वस्तादांनी तालमीत चारच शब्द ठेवले. धर, थांब, सोड, उतर. 'नको' हा शब्द त्यांनी खांबाजवळ बंदच केला. हात सोडायचे नसतील, तर ते 'धर' म्हणत. जो काय करू नये ते सांगतो, त्याचे ऐकायला वेळ लागतो. काय करावे हे सांगणाऱ्याचे लवकर कळते. तुमच्यापैकी कुणी पुढे धाकट्यांना खेळ शिकवणार असेल, तर त्याने ही रीत करून पाहावी.

मी परत आलो, तेव्हा माझ्याजवळ पुन्हा भीती होती. पहिल्या दिवशी मी खांबाला हात लावला आणि पाय उचललेच जाईनात. वस्तादांनी आग्रह केला नाही. त्यांनी मला उतरायला शिकवले. हो, चढण्याआधी उतरायला! खांबाच्या कमरेएवढ्या उंचीवर मिठी मारायची आणि हळूहळू घसरत खाली यायचे. मग थोडे वरून. मग उडी मारून. दोन्ही पायांवर एकदम उतरायचे आणि गुडघे वाकवायचे. ताठ पायांनी उतरले, तर सगळा दणका गुडघ्यांना आणि पाठीला बसतो. तोल गेलाच तर हात ताठ पुढे टाकायचा नाही. अंग गोळा करून खांद्यावरून लोळण घ्यायची. मी ताठ हातावर पडलो होतो, म्हणून मनगट मोडले, हे मला तेव्हा समजले. शेवटी अढी घातलेली असताना, पुन्हा खांब धरून, पाय सावकाश सोडून, जमिनीवर यायचे. याला मला तीन आठवडे लागले. जिथून उतरता येत नाही तिथे जायचे नाही, असा नियम वस्तादांनी केला होता. तुम्हीही तोच पाळा. पुढच्या पायरीवर जायला आपण तयार आहोत की नाही, हे चढून कळत नाही. सावकाश उतरता आले तर समजावे, की तयार आहोत.

मग मधला टप्पा सुरू झाला. त्यात नवीन कसरती थोड्या असतात. जुन्याच कसरती एकमेकींना जोडायच्या असतात. अढी घालून लटकायचे, पोटाच्या बळावर अंग वर उचलायचे, वरचा खांब हातांनी पकडायचा, अढी सोडून ती आणखी वर घालायची. असे करत करत झाडाला वेल चढते तसे वर जायचे. या कसरतींना 'वेल' असेच नाव आहे. डोके खाली ठेवून त्याच रीतीने खाली येण्याला 'उतरती' म्हणतात. खांब बगलेत धरून केलेल्या पकडीला 'बगली' म्हणतात. अंग गर्रकन वळवण्याला 'फिरकी'. आणि 'सुईदोरा' तर फारच गमतीचा. हात आणि खांब यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यातून सुईत दोरा ओवावा तसे स्वतःचे अंग ओवून घ्यायचे. ज्याने ही नावे ठेवली, त्याचे डोळे फार बारकाईने पाहणारे असावेत.

याच टप्प्यात वेगाचा मोह होतो. भरभर केले, की चुका झाकल्या जातात. म्हणून वस्ताद प्रत्येक कसरतीच्या मध्येच 'थांब' म्हणत. थांबता आले पाहिजे. जिथे थांबता येत नाही, तिथे आपण पकडीवर नसतो, नुसते झोक्यावर असतो. दमल्यावर नवी कसरत करायची नाही, हाही त्यांचा नियम होता. नवी गोष्ट सुरुवातीला, अंग गरम झाल्यावर आणि हात ताजे असताना करायची. शेवटी जुनी आणि सोपी. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. त्या दिवशी मी शाळेचा अभ्यास करीत असे, असे मला सांगायला आवडले असते.

हे सारे कुणी सुरू केले? बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लखांबाचा उल्लेख आढळतो. पुढे ही विद्या मागे पडली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात, बाळंभटदादा देवधर यांनी तिला पुन्हा रूप दिले. झाडांवर खेळणारी माकडे पाहून त्यांना या कसरती सुचल्या, असे सांगतात. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने जर्मनीतील बर्लिन शहरी जाऊन भारतीय व्यायामप्रकार दाखवले. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईला शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. परदेशांतील मुलेमुली तिथे 'वेल' आणि 'फिरकी' करीत होती. आमच्या वेळी आमच्या तालमीत मुली येत नसत. आता मुलींच्याही स्पर्धा होतात.

छत्तीसगडमध्ये अबूझमाड नावाचा दाट जंगलाचा भाग आहे. तिथली आदिवासी मुले नारायणपूरच्या अकादमीत मल्लखांब शिकली आणि २०२३ साली त्यांनी टीव्हीवरची 'इंडियाज गॉट टॅलेंट' ही स्पर्धा जिंकली. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला आहे. मला हे वाचून फार आश्चर्य वाटले नाही. डोके खाली गेल्यावर डोळ्यांचा उपयोग तसाही थोडाच होतो. खांब कुठे आहे, हे मांडी सांगते, पाऊल सांगते, पाठ सांगते.

आता डाव्या पायाच्या अढीचे सांगायचे राहिले. ती मी टाळत होतो. उतरणे आले, उजव्या अढीवरून वर चढणे आले, बगलीही आली. पण डावी अढी घालायची वेळ आली, की मी पाणी प्यायला जाई. वस्तादांना ते कळत होते. एक दिवस त्यांनी अब्बांना ओट्यावरून खाली बोलावले आणि आधार द्यायला माझ्याजवळ उभे केले. एक हात खांद्याजवळ, दुसरा पाठीजवळ. अब्बांचे हात थरथरत होते. माझे त्यांच्याहून जास्त.

मी खांब धरला. पाय वर घेतले. तिढा घातला. या वेळी तो घट्ट होता. मांडीखाली लाकूड नीट बसले होते. मला ते कळत होते, पण हात मात्र खांब सोडायला तयार नव्हते. उलट्या डोळ्यांना अब्बांचे पाय तेवढे दिसत होते.

"धर," वस्ताद म्हणाले. मी धरले.

"थांब." मी थांबलो. त्यांनी माझा तिढा हाताने चाचपून पाहिला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"सोड."

मी सोडले. वस्ताद आकडे मोजू लागले. पाचापासून अब्बाही मोजू लागले. वस्ताद मराठीत आणि अब्बा उर्दूत.

शब्दार्थ

तिढा – एकमेकांत गुंतलेला घट्ट पेच
निमुळता – टोकाकडे बारीक होत जाणारा
वीत – पसरलेल्या हाताच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर
कवटाळणे – घट्ट मिठीत घेणे
नवखा – नुकताच शिकू लागलेला
मुरलेला – पुष्कळ अनुभव असलेला
ओवणे – सुईत दोरा घालणे
ओटा – घरासमोरील बसण्याची उंच जागा
चाचपणे – हाताने स्पर्श करून अंदाज घेणे

स्वाध्याय

१. एकदोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाला पहिल्या दिवशी तालमीत काय असेल असे वाटले होते?
(आ) मल्लखांब खाली जाड असल्याचा काय उपयोग होतो?
(इ) वस्तादांनी तालमीत कोणते चार शब्द ठेवले?

२. पाचसहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'हात सोडू नको' हे ऐकून लेखकाने हात का सोडले?
(आ) चढण्याआधी उतरायला का शिकावे?
(इ) अब्बा रोज तालमीत येऊन का बसत असतील?

३. 'अढी' या शब्दाचे तीन अर्थ लक्षात घेऊन तीन वाक्ये तयार करा.

४. पुढील आज्ञा 'नको' हा शब्द न वापरता लिहा.
(अ) पळू नको. (आ) दार उघडे ठेवू नको. (इ) मोठ्याने बोलू नको.

५. उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे वापरले जाणारे दहा शब्द शोधा. ज्यांचा अर्थ दोन भाषांत वेगळा आहे, त्यांच्यावर खूण करा.